थंड डोक्याचा संगणक

दहावीचा शेवटचा पेपर देऊन आमचा नातू घरी आला, हातातली पाटी-लेखण्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाला, "आजोबा, आता तुम्ही दिलेला शब्द पाळा." शब्द मी खरोखरच दिला होता. परीक्षा नीट पार पडली तर घरात एक संगणक येईल, त्यावर अभ्यास तर होईलच, पण खेळही खेळता येतील, असे दिवाळीच्या फराळाच्या वेळी मी बोलून बसलो होतो. मुले अशी वाक्ये विसरत नाहीत.

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. हव्या असलेल्या संगणकाची यादी त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. यादीच्या शिरोभागी होता प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू. आणि तो त्याने बाजारातला सर्वांत वरच्या पायरीवरचा निवडला होता.

त्या रात्री जेवणानंतर घरची पंचायत बसली. सूनबाई म्हणाली, "विजेचे बिल आधीच काठावर चालले आहे." आमच्या सौभाग्यवतींचा आक्षेप निराळा होता. मुलाची खोली माडीवर, वर पत्र्याचे छप्पर. बऱ्हाणपूरच्या वैशाखात तिथे दुपारी उभे राहवत नाही, त्यात आणखी एक शेगडी कशाला, असे त्यांचे म्हणणे. चिरंजीवांनी इन्व्हर्टरची आठवण करून दिली. वीज गेली म्हणजे एका बॅटरीवर घरातले दोन पंखे चालतात. त्यात हा नवा भागीदार आला तर पंखे किती वेळ टिकणार?

मी गप्प होतो, कारण माझ्या गाठीला एक अनुभव होता. दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून मी जुना पण 'दमदार' म्हणून सांगितलेला संगणक स्वस्तात आणला होता. पौषात तो उत्तम चालला. चैत्र सरता सरता त्याचा पंखा किंचाळू लागला, आणि वैशाखात तो दहा मिनिटे चालून आपोआप बंद पडू लागला. व्यापारी म्हणाला, "दादाजी, मशीन ठीक है, आपका कमरा गरम है." तेव्हा मला त्याचा राग आला होता. पुढे विचार करता ध्यानात आले की, त्याचे विधान अर्धे खरे होते. खोली बदलणे आमच्या हाती नव्हते. यंत्र निवडणे मात्र हाती होते. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली, पण यंत्र घेताना ते शास्त्र मी दुकानाबाहेर ठेवून गेलो होतो. या वेळी ती चूक पुन्हा करायची नाही, असे ठरवून नातवाला म्हटले, "तुझा कागद ठेव. आपण दोघे मिळून नवा कागद करू." त्या कागदासाठी आम्ही जे शिकलो, ते महाराष्ट्राबाहेर, उन्हाच्या आणि विजेच्या लहरी सांभाळत राहणाऱ्या इतर मराठी घरांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

वॅट येतात कुठून?

प्रोसेसर म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या पातळ चकतीवर कोरलेल्या कोट्यवधी सूक्ष्म कळा. या कळा सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करू शकतात. प्रत्येक उघडझापीला विजेचा एक अत्यल्प घोट लागतो, आणि हे सारे घोट अखेर उष्णतेतच रूपांतरित होतात. संगणक कोणतेही ओझे उचलत नाही, चक्की फिरवीत नाही. त्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज खोलीत उष्णता म्हणून बाहेर पडते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतो. चारशे वॅट घेणारा संगणक माडीवर ठेवणे म्हणजे त्या खोलीत चार पाहुणे कायमचे बसवणे होय.

या खर्चाचा नियम सोपा आहे. प्रोसेसरचा वीजखर्च त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो. परंतु व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावे लागते. यातून एक मोठी मौजेची गोष्ट निघते. वेग दहा टक्क्यांनी कमी केला आणि त्याबरोबर व्होल्टेजही दहा टक्क्यांनी उतरवता आले, तर खर्च ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांवर येतो. दहा टक्के घाई सोडली की सत्तावीस टक्के वीज वाचते. उलट बाजूने पाहिले तर शेवटच्या दहा टक्के वेगासाठी आपण फार मोठी किंमत मोजत असतो. सर्वांत वरच्या पायरीवरचे प्रोसेसर हीच किंमत मोजून वर गेलेले असतात.

हा धडा खुद्द कारखानदारांनाही ठेचा खाऊनच शिकावा लागला. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की, कळा लहान करत गेल्यास व्होल्टेजही उतरवता येते, आणि तेवढ्याच जागेत अधिक कळा बसवूनही उष्णता वाढत नाही. तीस वर्षे या नियमाने साऱ्यांना तारले. मग कळा इतक्या लहान झाल्या की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि व्होल्टेज आणखी उतरेना. तरीही वेगाची शर्यत चालूच राहिली. १९९३ चा पहिला पेंटियम पंधरा-सोळा वॅटवर चालत असे. २००४ मधल्या पेंटियम-४ च्या काही नमुन्यांची मजल ११५ वॅटपर्यंत गेली. त्याच वर्षी इंटेलने त्या घराण्यातला पुढचा प्रोसेसर बाजारात आणण्याचा बेतच सोडून दिला. त्या कंपनीला वाट दाखवली ती इस्राएलमधील हैफा येथल्या अभियंत्यांनी. त्यांनी मांडीवरच्या संगणकासाठी, बॅटरी पुरावी म्हणून, २००३ साली पेंटियम-एम नावाचा काटकसरी प्रोसेसर घडवला होता. त्याचाच विचार पुढे वाढवून २००६ साली कोअर-२ ड्युओ आला. तो ६५ वॅटच्या मर्यादेत राहून जुन्या तापट भावंडांपेक्षा अधिक काम करू लागला. काटकसर म्हणजे कमकुवतपणा नव्हे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

खोक्यावरचा आकडा

दुकानात गेल्यावर प्रत्येक खोक्यावर एक आकडा दिसतो: ३५ वॅट, ६५ वॅट, १२५ वॅट. सामान्य ग्राहक समजतो की, दिव्यावर नऊ वॅट लिहिलेले असावे तसाच हा आकडा. तसे नाही. तंत्रज्ञांच्या भाषेत याला टीडीपी म्हणतात, आणि प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायच्या कूलरने किती उष्णता वाहून न्यावी याचा तो अंदाज असतो. प्रत्यक्षात प्रोसेसर त्याहून पुष्कळ अधिक वीज ओढू शकतो. एएमडीचा ६५ वॅटचा प्रोसेसर भर कामात ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. इंटेलने २०२१ पासून आपल्या नव्या पिढ्यांसाठी प्रामाणिकपणे दोन आकडे द्यायला आरंभ केला, एक मूळचा आणि एक कमालीचा. कोअर आय-५ १२४०० चा मूळ आकडा ६५, कमाल ११७. नातवाच्या कागदावरच्या कोअर आय-९ १४९००के चा मूळ आकडा १२५, आणि कमाल तब्बल २५३. तो दुसरा आकडा पाहून नातू जरा चपापला. त्यात २०२४ साली त्या पिढीतील आणि तिच्या आधीच्या पिढीतील काही प्रोसेसर गरजेहून अधिक व्होल्टेज मागून स्वतःलाच अपाय करून घेतात, असे खुद्द इंटेलने मान्य केले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. नंतर त्यावर उपायही काढण्यात आला. पण टोकाला जाऊन चालवलेल्या यंत्राची तऱ्हा कशी असते, ते यावरून कळावे.

मग थेट ३५ वॅटचाच प्रोसेसर का घेऊ नये? इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावापुढे 'टी' हे अक्षर असते, त्यांचा मूळ आकडा ३५ असतो. नातवाला वाटले, उत्तर सापडले. परंतु खोलात गेल्यावर उलगडा झाला तो असा की, 'टी' प्रोसेसर म्हणजे काही निराळी, अधिक गुणी जात नव्हे. तीच चकती, तीच कारागिरी. फक्त लगाम आखूड केलेला. कोअर आय-५ १२४००टी चा कमाल आकडाही ७४ आहेच. शिवाय संगणक स्वस्थ बसलेला असताना, म्हणजे पडद्यावर नुसते पान उघडे असताना, साधा आणि 'टी' असे दोन्ही प्रोसेसर जवळजवळ सारखीच वीज खातात. हे प्रोसेसर प्रामुख्याने कचेऱ्यांतल्या छोट्या तयार संगणकांत बसवले जातात. किरकोळ बाजारात ते सहसा मिळत नाहीत. तेव्हा त्यांच्यामागे धावण्यापेक्षा साधा ६५ वॅटचा प्रोसेसर घ्यावा आणि लगाम आपण आखूड करावा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा. संगणक सुरू होताना जी प्राथमिक मांडणी उघडता येते, तिथे वॅटची मर्यादा घालण्याची सोय बहुतेक मदरबोर्डांत असते.

खेळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यायला हवी. प्रोसेसर किती वेगाने धावतो, यापेक्षा त्याला सामग्री किती जवळ सापडते, याला फार महत्त्व आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईचा मिसळणाचा डबा शेगडीजवळ असेल तर तिला चिमूटभर हळदीसाठी माजघरातल्या फडताळापर्यंत खेपा घालाव्या लागत नाहीत. प्रोसेसरमध्ये असा जो डबा असतो त्याला कॅश म्हणतात. एएमडीने २०२३ साली आणलेल्या रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरात ९६ मेगाबाइटचा मोठा डबा शेजारीच रचलेला आहे. त्यामुळे बहुतेक खेळांत तो आय-९ च्या तोडीस तोड उतरतो, किंबहुना पुष्कळदा सरस ठरतो, आणि वीज मात्र त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी घेतो. तो आमच्या ऐपतीबाहेरचा होता. पण धावपळ कमी करणे हीच खरी बचत, हे तत्त्व त्याने पटवून दिले.

खरा खादाड कोण?

इथवर आल्यावर ध्यानात आले की, आपण ज्याच्यावर खटला भरला आहे तो मुख्य आरोपी नाहीच. खेळाच्या संगणकात सर्वांत अधिक वीज प्रोसेसर खात नाही. ती खाते चित्रे रंगवणारे ग्राफिक्स कार्ड. २०२२ सालच्या आरटीएक्स ४०९० या कार्डाची मर्यादा ४५० वॅट आणि २०२५ सालच्या ५०९० ची ५७५ वॅट. एवढ्या विजेत आमच्या घरचे सात पंखे चालतील. अशा कार्डाशेजारी ३५ वॅटचा प्रोसेसर बसवणे म्हणजे लग्नात हजार पाने उठवून अक्षतांचे तांदूळ मोजून देण्यासारखे.

कमी विजेचा संगणक करायचा तर त्यामुळे दोनच रस्ते उरतात. पहिला म्हणजे निराळे कार्ड घ्यायचेच नाही. ज्या प्रोसेसरच्या पोटातच चित्रे रंगवण्याची बऱ्यापैकी शक्ती आहे असा निवडायचा. एएमडीचा २०२१ चा रायझन ५ ५६००जी आणि २०२४ चा रायझन ५ ८६००जी हे या जातीचे. दोन्ही सहा गाभ्यांचे, दोन्ही ६५ वॅटचे. दुसऱ्याची चित्रशक्ती पुष्कळ अधिक, पण त्याला नव्या पद्धतीची आणि महाग स्मरणशक्ती लागते. दुसरा रस्ता म्हणजे कोअर आय-३ १२१०० सारखा चार गाभ्यांचा आटोपशीर प्रोसेसर आणि त्याच्या जोडीला ज्याला वेगळी वीजतार लागत नाही असे कार्ड. मदरबोर्डाची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. एवढ्यावरच भागणारी कार्डे मोजकी असतात. आरटीएक्स ३०५० चा २०२४ मध्ये आलेला सहा गिगाबाइटचा नमुना ७० वॅटचा आहे, तो या पंगतीतला.

एवढ्याशा विजेवर खेळ चालतात तरी का, अशी शंका मलाही होती. तिचे निरसन झाले ते हातात धरून खेळायच्या स्टीम डेक या यंत्राची माहिती मिळाल्यावर. २०२२ साली आलेल्या या यंत्राचा प्रोसेसर, चित्रशक्तीसकट, चार ते पंधरा वॅटच्या मर्यादेत चालतो, आणि त्यावर लोक मोठमोठे खेळ खेळतात. पडदा लहान, चित्रांचा बारकावा कमी. पण खेळ चालतो.

बऱ्हाणपूरचे गणित

आता आमच्या गावाकडे वळू. प्रोसेसरचा कूलर ही काही जादू नव्हे. तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही; वॅटच्या प्रमाणात खोलीपेक्षा किती अंश वर राहू द्यायचे, एवढेच तो ठरवतो. समजा, एखादा साधा कूलर दर दोन वॅटांमागे एक अंश वाढू देतो. मग १२० वॅट घेणारा प्रोसेसर खोलीपेक्षा ६० अंशांनी गरम राहील. पौषात खोलीत २८ अंश असतील तर तो ८८ वर राहील, सोसेल. वैशाखात पत्र्याखालची खोली ४२ वर गेली की बेरीज १०२ होते. प्रोसेसरची सहनशक्ती ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते; तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, आणि तेही पुरले नाही तर बंद पडतो. माझ्या जुन्या संगणकाच्या दुखण्याचे निदान त्या दोन बेरजांत होते. तेच ६० वॅटचे यंत्र त्याच खोलीत त्याच कूलरखाली ७२ वर राहील. कमी वॅटचा प्रोसेसर घेणे म्हणजे उन्हाळ्यासाठी तीस अंशांची शिल्लक टाकणे होय.

ही शिल्लक आमच्या गावी आणखी एका कारणाने लागते. बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. मागांची खडखड जशी हवेत असते, तसेच कापसाचे तंतूही हवेत असतात. संगणकाचा पंखा ते आत ओढतो आणि कूलरच्या बारीक पत्र्यांवर त्यांची चांगली गादी तयार होते. मग दोन वॅटांमागे एक अंश हे प्रमाण बिघडते. तापट यंत्राची शिल्लक आधीच शून्य, ते तिथेच कोलमडते. थंड यंत्र पुढची साफसफाई होईपर्यंत तग धरते. दर दोन महिन्यांनी, वीज पूर्ण बंद करून, मऊ ब्रशाने ती गादी काढावी. आणि आमच्याकडे ज्याला सगळे कूलर म्हणतात त्या पाण्याच्या पंख्याचा ओला झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये.

आता बिलाचा प्रश्न, आणि इथे मला सूनबाईंपुढे खरे तेच बोलावे लागले. नुसत्या प्रोसेसरमुळे बिलात होणारी बचत फार थोडी असते. दोन प्रोसेसरांत खेळताना ६० वॅटचा फरक धरला, आणि मुलगा रोज तीन तास खेळतो असे मानले, तर महिन्याला साडेपाच युनिटांहून थोडा कमी फरक पडतो. युनिटला सात रुपये धरले तरी ही रक्कम चाळीस रुपयांच्या आतच. 'विजेची बचत' म्हणून कोणी महागडा कमी-वॅटचा प्रोसेसर गळ्यात मारू लागला, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

परंतु सबंध यंत्राचा हिशेब निराळा आहे. मोठ्या कार्डासकट चारशे वॅट घेणारे यंत्र रोज तीन तास चालले तर महिन्याला ३६ युनिटे होतात. नव्वद वॅटवर चालणाऱ्याची आठ. मध्य प्रदेशात २०१९ पासून लागू झालेल्या सवलतीत, महिन्याचा वापर दीडशे युनिटांच्या आत असेल तर पहिली शंभर युनिटे शंभर रुपयांत मिळू लागली. दीडशेची रेघ ओलांडली की त्या महिन्याची सवलत गेली, आणि बिल एकदम काहीशे रुपयांनी उडी मारते. आमचे घर उन्हाळा सोडला तर सव्वाशेच्या आसपास असते. सव्वाशेत आठ मिळवले तर १३३, रेघेच्या आत. छत्तीस मिळवले तर १६१, रेघेबाहेर. सूनबाईंची 'काठावर'ची भाषा किती नेमकी होती, ते तेव्हा समजले. इतर प्रांतांतल्या वाचकांनी आपापल्या बिलाच्या पाठीवर छापलेले टप्पे पाहून हाच हिशेब करून पाहावा. प्रत्येक प्रांताच्या रेघा निराळ्या.

राहता राहिला इन्व्हर्टर. बारा व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. घट-तूट जाऊन १२०० हाती लागले तर नशीब. दोन पंखे आणि दिवे मिळून १८० वॅट धरले, तर ही पुंजी साडेसहा तास पुरते. नव्वद वॅटचा संगणक जोडला तर साडेचार तासांच्या जवळपास. चारशेचा जोडला तर दोनच तास, आणि मग खेळही बंद, पंखेही बंद. मुलाच्या करमणुकीची किंमत आजीने घामाने मोजायची, हे कोणत्या न्यायात बसते? याच वेळी एक सूचना करून ठेवतो. इन्व्हर्टरच्या पाठीवर 'यूपीएस' असा खटका असतो. संगणक जोडलेला असताना तो त्या बाजूला ठेवावा, म्हणजे वीज गेल्याक्षणी पालट चटकन होतो आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू होत नाही.

नवा कागद

तीन बैठकांनंतर आमचा कागद तयार झाला. निवडला तो रायझन ५ ५६००जी. हा सर्वांत नवा नाही, पण त्याला जुन्या पद्धतीची, तुलनेने स्वस्त स्मरणशक्ती चालते, आणि त्याची मर्यादा ६५ वरून ४५ वॅटवर उतरवण्याची सोय एएमडीनेच ठेवलेली आहे. वाचलेल्या पैशांतून दोन ठिकाणी मात्र हात आखडता घेतला नाही. पहिले, स्मरणशक्तीची पट्टी एक मोठी न घेता दोन समान घेतल्या. पोटात चित्रशक्ती असलेला प्रोसेसर चित्रांसाठीही हीच स्मरणशक्ती वापरतो. दोन पट्ट्या असल्या की रस्ता दुपदरी होतो, आणि खेळाच्या गतीत ठळक फरक पडतो. दुसरे, वीज पुरवणारा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो प्रमाणपत्र असलेल्या चांगल्या जातीचा घेतला. आमच्याकडे विजेचा दाब कमीजास्त होतो. दुबळा डबा स्वतः मरतो आणि मरताना इतरांनाही घेऊन जातो. पुढे कधी ७० वॅटचे कार्ड लावायचे झाले तरी तो पुरेल.

संगणक आल्यावर पहिल्या रविवारी भिंतीच्या खटक्यात लावायचा छोटा वीजमापक आणून आम्ही दोघे मोजायला बसलो. नुसते पान उघडे असताना यंत्र तीस वॅटच्या आसपास घेत होते; खेळताना नव्वदच्या आगेमागे. मग मर्यादा ४५ वर आणली. खेळताना पंधराएक वॅट कमी झाले, आणि सेकंदाला पडणाऱ्या चित्रांत दोन-चारचा फरक पडला. तो नातवाला सांगितल्यावाचून ओळखता आला नाही. याहून सोपी बचत त्यानेच शोधून काढली. आमचा पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवतो. त्याहून अधिक रंगवणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणे. खेळातच साठाची मर्यादा घातली की हलक्या खेळांत वॅट आणखी उतरतात आणि पंख्याचा आवाजही थांबतो.

या यंत्राला काय जमत नाही, तेही सांगितले पाहिजे. नवे, भव्य, चित्रपटासारखे दिसणारे खेळ त्यावर नीट चालत नाहीत. चालले तर बारकावे पुसून टाकावे लागतात. व्हॅलोरंटसारखे स्पर्धेचे खेळ मात्र उत्तम चालतात, आणि जीटीए-५ सारखा थोडा जुना मोठा खेळही मधल्या प्रतीच्या चित्रांत समाधानाने खेळता येतो. नातवाची मित्रमंडळी जे खेळतात ते बहुतेक या यादीत बसले. ज्याला सर्वांत नवे खेळ पूर्ण थाटात खेळायचे आहेत आणि ज्याच्या घरी वातानुकूलित खोली आहे, त्याने हा लेख बाजूला ठेवून आपली वाट धरावी. त्यात गैर काही नाही.

एका संध्याकाळी नातवाला घेऊन कुंडी भंडाऱ्याला गेलो होतो. खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावात आणले गेले. पंप नाही, रहाट नाही, सारे काम उताराने होते. खाली उतरून त्या वाहत्या पाण्यात हात घातल्यावर तो म्हणाला, "आजोबा, याचा टीडीपी शून्य." मला हसू आले, पण मुलाला मुद्दा कळला होता.

आता त्याने एक वही घातली आहे. तीत तारीख, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान आणि वॅट असे चार रकाने आहेत. वैशाखातल्या एका दुपारची नोंद अशी: खोली ४१, प्रोसेसर ७४. यंत्र एकदाही बंद पडले नाही. परवा रात्री वीज गेली, तेव्हा मी वर जाऊन पाहिले तर संगणक बंद होता. विचारले, "का रे, साडेचार तास पुरते ना बॅटरी?" तो म्हणाला, "हो, पण वीज कधी येईल ते कुठे ठाऊक आहे? आजीचा पंखा चालू राहू दे." ही नोंद त्याने वहीत केलेली नाही, म्हणून मी इथे केली.